इतकी वर्षं का चालवली?

९ जानेवारी २०२२च्या रविवारी मी मॅनहॅटनमधल्या सेकंड अ‍ॅव्हेन्यू स्टेशनवर एका गाडीला निरोप द्यायला गेलो होतो. ओमायक्रॉनची लाट ऐन भरात होती, बाहेर बोचरी थंडी होती, आणि तरीही फलाटावर उभं राहायला जागा नव्हती. हातात कॅमेरे घेतलेले म्हातारे, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं, जुन्या गाडीचं चित्र छापलेले टी-शर्ट. न्यूयॉर्क सबवेच्या आर-३२ जातीच्या डब्यांची ती शेवटची फेरी होती. गाडी फलाटात शिरली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझेही डोळे भरून आले. या शहरातल्या माझ्या पहिल्या नोकरीची सगळी वर्षं मी याच डब्यांतून गेलो-आलो होतो.

फोटो काढला आणि नाशिकला ताईला पाठवला. खाली लिहिलं, 'सत्तावन्न वर्षं नोकरी करून आज निवृत्त!' तिकडे रात्र झाली होती, पण ती जागी असणार हे मला ठाऊक होतं. बाबांची रात्रीची औषधं, कूस बदलणं, हे सगळं उरकल्याशिवाय ती झोपत नाही. उत्तर लगेच आलं.

'इतकी वर्षं का चालवली?'

मला हसू आलं. हिला यातलं काय कळणार, असंही मनात येऊन गेलं. मी लिहिलं, 'कारण भक्कम होती.' तिने लिहिलं, 'बरं.' विषय तिथेच संपला. प्रश्न मात्र संपला नाही. परतीच्या वाटेवर तो डोक्यात होता, आणि पुढचे अनेक दिवस होता. 'भक्कम होती' हे उत्तर चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. आणि हे अपुरं उत्तर मी इतक्या चटकन दिलं, याचं कारण शोधताना मला माझ्याबद्दलच काही गोष्टी कळल्या.

*

आधी गाडीची ओळख करून देतो.

१९६४-६५ साली फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने न्यूयॉर्कसाठी असे ६०० डबे बांधले. प्रत्येक डबा ६० फूट लांब, दोन-दोन डब्यांच्या जोड्या. त्याआधीच्या गाड्या साध्या पोलादाच्या, रंग दिलेल्या असत. स्टेनलेस स्टीलचे डबे न्यूयॉर्कने इतक्या मोठ्या संख्येने प्रथमच घेतले. हे पोलाद गंजत नाही, रंगाचा खर्च वाचतो, डबा हलका होतो आणि वीजही कमी लागते. सगळ्यांत कमी किमतीची निविदा बडचीच होती, त्यामुळे हिशेबही जुळला. बाजूंना पन्हळी पत्रा होता, त्यावर उजेड पडला की गाडी लखलखायची. म्हणून नाव पडलं 'ब्राइटलायनर'. सप्टेंबर १९६४मध्ये पहिली गाडी समारंभपूर्वक थेट ग्रँड सेंट्रल टर्मिनलला नेऊन मिरवली, आणि काही दिवसांत ती ब्रुकलिनच्या ब्रायटन मार्गावर प्रवासी वाहू लागली.

पुढच्या दाराला खिडकी होती. ड्रायव्हरची खोली एका कोपऱ्यात, त्यामुळे कोणीही प्रवासी त्या खिडकीला नाक लावून समोरचा बोगदा बघू शकत असे. नव्या गाड्यांत ड्रायव्हरची खोली डब्याच्या पूर्ण रुंदीची असते, पुढचं काही दिसत नाही. त्या दिवशी फलाटावर जमलेल्या निम्म्या लोकांचं प्रेम त्या एका खिडकीवर होतं. माझंही.

सत्तरच्या दशकात शहराचं दिवाळं निघायची वेळ आली, देखभाल थांबली, गाड्या आतून-बाहेरून चित्रांनी आणि सह्यांनी माखल्या. १९८९ साली शेवटची रंगवलेली गाडी मार्गावरून हटवली गेली. त्याच सुमारास, १९८८ ते १९९०मध्ये, बहुतेक आर-३२ डबे न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेल गावच्या कारखान्यात पाठवून जवळजवळ नव्याने बांधण्यात आले. जन्माच्या वेळी या डब्यांना एअर कंडिशनिंग नव्हतं, ते तेव्हा बसवलं. आतली सजावट बदलली, यंत्रं बदलली. सांगाडा आणि पन्हळी पत्रा तेवढा मूळचा राहिला.

प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सकर त्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवत राहिले, आणि तत्त्वज्ञ वाद घालत राहिले की हे जहाज तेच की दुसरं. जुन्या गाडीविषयी कोणीही लिहायला बसलं की हे जहाज बंदराला लागतंच. पण ताईने 'ती तीच गाडी होती का?' असं विचारलं नव्हतं. तिचा प्रश्न वेगळा होता, आणि मला वाटतं अधिक अवघड होता.

*

इतकी वर्षं का चालवली?

न्यूयॉर्कच्या सबवेचा डबा साधारण ४० वर्षं चालावा अशी अपेक्षा असते. त्या हिशेबाने आर-३२ची निवृत्ती २००५च्या आसपास यायला हवी होती. आली होतीच. २००६ ते २०१०च्या दरम्यान आर-१६० जातीचे नवे डबे आले आणि आर-३२ शेकड्यांनी निघाले. उरलेलेही निघणार होते. पण तेवढ्यात आर-४४ जातीच्या डब्यांच्या सांगाड्यांत दोष सापडले. हे डबे १९७१ ते १९७३मध्ये बांधलेले, म्हणजे आर-३२पेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, लांब, आधुनिक, आणि त्या काळातलं पुढचं पाऊल म्हणून गाजलेले. ते आधी मोडीत काढावे लागले. त्यांची जागा भरायला २२२ आर-३२ डबे मागे ठेवले.

मग या २२२ डब्यांना बदली शोधायची होती. आर-१७९ जातीच्या डब्यांचं कंत्राट २०१२ साली दिलं गेलं. ते बांधताना एकामागून एक अडचणी आल्या, वेळापत्रक दोनेक वर्षांनी घसरलं. आल्यावरही जानेवारी २०२०मध्ये दरवाजांच्या दोषामुळे ते सगळे एकदम सेवेतून काढून तपासावे लागले. या सगळ्या काळात म्हातारे डबे धावत होते.

म्हणजे आर-३२ भक्कम होती म्हणून चालली, हे खरं. पण तिच्यानंतर आलेले मोडले, त्यांच्यानंतर येणारे उशिरा आले, आणि पैसा कधीच वेळेवर मिळाला नाही, म्हणूनही चालली. तिच्या भक्कमपणाने एवढंच केलं की या बाकीच्या चुकांची किंमत कोणालाच तातडीने मोजावी लागली नाही.

कोणालाच, असं मी लिहिलं खरं. ते दुरुस्त करतो.

शेवटच्या दशकात आर-३२ डबे मुख्यतः सी मार्गावर होते. हा मार्ग मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्समधून निघतो आणि हार्लेम, मग ब्रुकलिनचं बेडफर्ड-स्टायव्हेसंट असं करत ईस्ट न्यूयॉर्कमध्ये जाऊन संपतो. यातल्या बऱ्याच वस्त्या दीर्घकाळ काळ्या आणि लॅटिनो कष्टकऱ्यांच्या. स्ट्रॅपहँगर्स कॅम्पेन ही प्रवाशांची संघटना दरवर्षी सगळ्या मार्गांना गुण देत असे. सी मार्ग २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षं शेवटून पहिला आला. नवे डबे दोन बिघाडांच्या मध्ये काही लाख मैल धावत असताना हे डबे काही दहा हजार मैलांतच बंद पडत. सी मार्ग पूर्णपणे जमिनीखालून जातो. बोगद्यातल्या उन्हाळ्यात एअर कंडिशनिंग यंत्रं तापून बंद पडू लागली, तेव्हा काही वर्षं उन्हाळ्यापुरते हे डबे उघड्यावरून धावणाऱ्या मार्गांवर हलवण्याची शक्कल काढावी लागली. यंत्रांना मोकळी हवा मिळावी म्हणून.

निरोपाच्या दिवशी फलाटावर माझ्या शेजारी साठीची एक काळी बाई उभी होती. हातात कॅमेरा नव्हता. मी उत्साहाने म्हणालो, सुंदर गाडी होती, नाही? ती म्हणाली, तीस वर्षं सी गाडीने कामाला जातेय, ही खरंच जातेय ना एवढं बघायला आलेय. आम्ही दोघंही हसलो. मग गाडी आली, आणि बाकीच्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या टाळ्यांसारख्या नव्हत्या, हे तेव्हाही मला जाणवलं होतं.

*

वस्तूंविषयी कृतज्ञता ही आपल्याला नवी नाही. खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्राला हळदकुंकू लागतं, एसटीला झेंडूचं तोरण चढतं, सुताराची करवत देव्हाऱ्याशेजारी बसते. माझे बाबा टाइपरायटरला फूल वाहायचे. यंत्राला काय कळतंय, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नसे. फूल वाहणाऱ्याला काय कळावं, हा त्यातला मुद्दा होता.

कांटनेही जवळपास हेच म्हटलं आहे. घरात अनेक वर्षं राबलेल्या म्हाताऱ्या घोड्याविषयी किंवा कुत्र्याविषयी कृतज्ञता हे माणसाचं कर्तव्य आहे, पण ते थेट त्या प्राण्याप्रती नाही, स्वतःच्या माणूसपणाप्रती आहे. प्राण्यांच्या बाबतीत मला हे पटत नाही. घोड्याला दुखतं, त्यामुळे त्याचं देणं त्यालाच आहे. डब्याच्या बाबतीत मात्र पटतं. पोलादाला दमणूक नाही. आर-३२ला आणखी वीस वर्षं चालवलं असतं तरी तिच्यावर अन्याय झाला नसता.

थीसियसचं जहाज सांगणाऱ्या प्लुटार्कनेच थोरल्या केटोच्या चरित्रात याहून उपयोगी गोष्ट लिहिली आहे. केटो हा रोमचा काटकसरीसाठी गाजलेला मुत्सद्दी. म्हातारे झालेले गुलाम विकून टाकावेत, खाऊ घालत बसू नये, असं तो मानायचा. स्पेनच्या मोहिमेतला स्वतःचा घोडा त्याने तिथेच सोडला, कारण जहाजाने आणायचा तर सरकारी तिजोरीला खर्च. प्लुटार्क म्हणतो की जिवंत प्राण्याला जुन्या जोड्यासारखं किंवा फुटक्या भांड्यासारखं वापरून टाकू नये, आणि मग अथेन्सची गोष्ट सांगतो. मंदिर बांधून झाल्यावर सगळ्यांत जास्त राबलेली खेचरं अथेन्सकरांनी मोकळी सोडली. त्यातलं एक खेचर आपण होऊन परत यायचं आणि ओझी वाहणाऱ्या इतर खेचरांच्या पुढे पुढे चालायचं, जणू त्यांना हुरूप देत. तेव्हा त्याला मरेपर्यंत सरकारी खर्चाने पोसायचं असं लोकांनी ठरवलं.

ही गोष्ट मी पूर्वी वाचली तेव्हा मला ते खेचर आवडलं होतं. आता अथेन्सकरांनी केलेली दुसरीच गोष्ट लक्षात येते. त्यांनी खेचराला आधी *सोडलं* होतं. ते परत आलं ते मोकळं झाल्यावर, आपल्या मर्जीने. त्याची तारीफ त्यानंतर झाली. खेचरं सोडलीच नसती, आणि तरीही चौकात उभं राहून लोक त्यांच्या चिवटपणाची स्तुती करत राहिले असते, तर त्या स्तुतीला आपण काय म्हटलं असतं?

इथे एक रास्त आक्षेप येतो. चांगली वस्तू टिकवून वापरणं हा सद्गुण नाही का? जुनं फेकून नवं आणायच्या हव्यासाने जग भंगारखाना होत चाललं असताना सत्तावन्न वर्षं चाललेल्या गाडीचं कौतुक करायचं सोडून तक्रार कसली? आर-४४ची कथा तर हेच सांगते की नवं ते चांगलं असं नसतं.

आक्षेप बरोबर आहे, आणि मी स्वतः त्याच पंथाचा आहे. माझी बाही विरलेली असते. पण वस्तू टिकवणं म्हणजे तिच्यावर खर्च करणं. १९८८ साली डबे हॉर्नेलला पाठवले, उघडले, नवी यंत्रं बसवली, त्याला टिकवणं म्हणतात. त्यानंतर वर्षानुवर्षं २०७व्या रस्त्यावरच्या आणि ईस्ट न्यूयॉर्कच्या कार्यशाळांमध्ये कामगारांनी जे केलं, तेही टिकवणं. बंद पडत चाललेल्या डब्याला 'अजून एक वर्ष' म्हणत ढकलणं हे वेगळं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडे गाडी धावताना दिसते.

फरक कळायला मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. चालू ठेवायचं हे कोणी ठरवलं? त्याचा त्रास ठरवणाऱ्यालाच होतोय की दुसऱ्याला? आणि हे कधी संपणार याची तारीख कोणाला माहीत आहे का? माझी विरलेली बाही या तिन्ही प्रश्नांत पास होते. सी मार्गावरची आर-३२ तिन्हींत नापास होते. आणि तिचं कौतुक करणारे आम्ही, खिडकीला नाक लावणारे, कौतुकाच्या नादात हे तीन प्रश्न विचारायचे विसरलो होतो. डब्याला देणं लागत नव्हतं. देणं लागत होतं ते डबा दुरुस्त करणाऱ्याचं आणि त्यात उकडत उभं राहणाऱ्याचं. आम्ही फूल वाहिलं पोलादाला.

*

या गोष्टीला एक उत्तरकांड आहे, आणि ते समुद्रात घडतं.

२००१ ते २०१०च्या दरम्यान न्यूयॉर्कने आपले अडीच हजारांहून अधिक निवृत्त डबे अटलांटिकच्या किनाऱ्यालगत बुडवले. चाकं, काचा, तेल, यंत्रं काढून घ्यायची, रिकामा सांगाडा तराफ्यावर न्यायचा आणि ढकलून द्यायचा. डब्यांच्या पोकळीत शिंपले धरतात, मासे येतात, कृत्रिम प्रवाळभिंत तयार होते. डेलावेअरच्या किनाऱ्याजवळ 'रेडबर्ड रीफ' आहे. रेडबर्ड म्हणजे तांबड्या रंगाचे, साध्या पोलादाचे जुने डबे. ते समुद्राच्या तळाशी चांगले टिकले.

मग स्टेनलेसचे डबे पाठवायला सुरुवात झाली. न्यू जर्सीजवळ बुडवलेले असे डबे काही महिन्यांतच कोसळले. जो पत्रा शहरात अर्धशतक गंजला नाही, तो लाटांच्या माऱ्यापुढे सांगाड्यापासून सुटून पडला. न्यू जर्सीने आणखी डबे घ्यायचं थांबवलं.

हे वाचलं तेव्हा मला आधी वाईट वाटलं, आणि मग जरा बरंही वाटलं. गाडीच्या बाबतीत आमचं लोभीपण संपतच नव्हतं. चाळीस वर्षं झाली, आणखी चाल. मोडलीस, आता समुद्रात जाऊन माशांची सेवा कर. समुद्रतळाशी का होईना, तिने एकदाचं नाही म्हटलं. पोलाद नाही म्हणत नाही, हे मला माहीत आहे. तरीही.

*

आता ताईविषयी.

बाबांना पक्षाघात झाला त्याला आठ वर्षं होऊन गेली होती. मी इथे, धाकटा भाऊ बंगळुरूला. ताई नाशिकलाच असल्याने तिने बाबांना आपल्या घरी नेलं, 'काही महिने, मग बघू' असं ठरवून. मी दर महिन्याला पैसे पाठवतो, दर रविवारी फोन करतो. आणि दर फोनच्या शेवटी एक वाक्य म्हणतो, मनापासून म्हणतो, 'ताई, तू आहेस म्हणून सगळं निभावतंय. तुझ्यासारखी खंबीर दुसरी कोणी नाही.' नातेवाइकांत तिच्या खंबीरपणाच्या गोष्टी सांगितल्या जातात. मीच सांगतो.

गाडीच्या निरोपानंतर तीन रविवारांनी मी तिला हे सगळं सांगितलं. आर-४४ची गोष्ट, उशिरा आलेले नवे डबे, सी मार्ग, बोगद्यातली उष्णता. तिचा प्रश्न बरोबर होता, असं कबूल केलं. ती शांतपणे ऐकत होती. मागे बाबांचा खोकला ऐकू येत होता.

सांगून झाल्यावर ती म्हणाली, "अरे, पण त्या गाडीला निदान तारीख तरी मिळाली."

आवाजात राग नव्हता. ती मुळात रागावून काही बोलतच नाही. मी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच ते वाक्य मला ऐकू आलं. आठ वर्षं मी तिला फूल वाहत होतो. मी तीन प्रश्न काढले होते ते डब्यासाठी. ते ताईला लावून बघायचं धैर्य मला झालं नव्हतं. चालू ठेवायचं हे कोणी ठरवलं? आम्ही दोघा भावांनी, काहीही न ठरवून. त्रास कोणाला? कधी संपणार? तिला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

पोलादाला दमणूक नाही, असं मी वर लिहिलं. ताई पोलादाची नाही. तिच्या गुडघ्याचं दुखणं गेल्या वर्षीच सुरू झालंय, आणि तेही मला भाच्याकडून कळलं.

त्या रात्री भावाशी बोललो. भांडण झालं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोललो. मी एप्रिलपासून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे. त्यानंतर बाबा बंगळुरूला जातील, तिथे दिवसपाळीला आणि रात्रपाळीला माणूस ठेवायचा, खर्च आम्ही दोघं वाटून घेऊ. बाबांना नवं घर मानवेल का, माहीत नाही. कदाचित सहा महिन्यांत ताईच म्हणेल, आणा परत माझ्याकडे. तेव्हा ती ते मोकळी होऊन म्हणेल, एवढी तरी सोय व्हायला हवी.

तारीख ठरल्यावर तिला फोन केला. ७ एप्रिल, म्हटलं, सकाळी मुंबईला उतरतो, दुपारी नाशिकला. नेहमीचं वाक्य या वेळी म्हणालो नाही. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "थांब, कॅलेंडरवर लिहून ठेवते," आणि पेन शोधायला गेली.